नापास बाटल्यांचा वास

४ मार्च

कायम झाले! साहेबांनी पत्र हातात दिलं. म्हणाले, "नाक जपा." सगळे हसले. पण खरंच, माझी नोकरी नाकाचीच. खोलीत सुगंध सोडणारी यंत्रं असतात ना, त्यांच्या बाटलीतल्या द्रावात कागदाची पट्टी बुडवायची, हुंगायची. मूळ नमुन्याशी वास जुळला तर बाटल्या पास, नाहीतर नापास. नापास बाटल्या शनिवारी आम्हालाच घरी न्यायला मिळतात.

आईनं आज तसलं आणखी एक यंत्र बाटली लावून हॉलमधल्या प्लगला खोचलं. आता एकही खोली सुटलेली नाही. शेजारच्या काकूंना सांगत होती, "घरातली पहिली पदवीधर! हा वास तिच्या हातचा." बाबा कुरकुरले, "चहा पितोय की साबण, तेच कळत नाही." आई म्हणाली, "गाढवाला गुळाची चव काय!"

९ मार्च

बाळ खोकतंय. ताई त्याला घेऊन राहायला आली, तेव्हा टुणटुणीत होतं. आईला वाटतं खोली कोंदट आहे म्हणून. पाळण्याजवळ अजून एक यंत्र लावलं आणि खिडक्या गच्च बंद — "एवढा चांगला वास बाहेर कशाला घालवायचा?"

मला मात्र घरात कसलाच वास येत नाही. सवय झाली असेल.

१३ मार्च

डॉक्टरबाईंनी बाळाच्या छातीला नळी लावली. मग विचारलं, "घरात काय लावता? फवारे, सुगंधी यंत्रं, काही?" आई अभिमानानं सांगायला लागली. मी जमिनीकडे बघत होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सगळं काढा. एवढीशी फुप्फुसं आहेत. पुन्हा अशी धाप लागली तर सरळ दवाखान्यात ठेवावं लागेल."

लिंबाच्या वासातला घटक हवेतल्या ओझोनला भेटला, की त्यातून फॉर्मल्डिहाइड तयार होतं. कॉलेजात बरणीतले बेडूक ज्या द्रावात ठेवायचे, त्यातला तो वायू. मला हा प्रश्न परीक्षेत आला होता. पैकीच्या पैकी मिळाले होते! आणि रोज याच घरात मी जेवत होते, झोपत होते — एकदाही मनात आलं नाही.

१४ मार्च

साहेबांना सांगितलं, बाटलीवर लिहायला हवं — तान्ह्या बाळाच्या खोलीत लावू नका. म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या. प्रमाण बघा ना! प्रमाण अगदी कमी आहे."

"बंद खोलीत? इतकी यंत्रं एकदम?"

"एवढी कोण लावतं हो?"

माझी आई, असं म्हणायचं होतं.

माझ्याच टेबलावर पट्ट्या हुंगणाऱ्या जुन्या मॅडम बाहेर भेटल्या. हळूच म्हणाल्या, "पहिलं वर्ष त्रास होतो गं. मग वास येणंच बंद होतं. सुटका!"

"मग तुम्ही पट्ट्या कशा पास करता?"

त्या हसल्या. "तू करतेस तशाच."

१५ मार्च

सगळी यंत्रं काढून पिशवीत घातली, पिशवी बांधून लांबच्या कचराकुंडीत टाकली. आई चवताळली. "वासानं कुणी मरतं का? तुम्हा दोघींना धुरात वाढवलं मी!" ताई मध्ये पडली, "आई, माझं पोर आहे." मग खिडक्या आईनंच उघडल्या.

१८ मार्च

बाळ दिवसभर हसतंखेळतं असतं म्हणे. संध्याकाळी पुन्हा घरघर. ताई रडकुंडीला आली आहे.

आई म्हणते, वास गेलेला नाही. मघाशी स्वयंपाकघरात होता, मग बोळात, आता पाळण्यापाशी. "कुणीतरी घरभर चालत असावं तसा फिरतो गं." अंगावर काटा आला. कपाटं, गाद्या, पडदे, सगळं उलथून पाहिलं. एकही बाटली नाही. मला तर वासही येत नाही. आई माझ्या मागोमाग फिरत होती, आणि मी जाईन तिथे तिला तो सापडत होता!

१९ मार्च

बसमध्ये शेजारची बाई नाकाला रुमाल लावून मागच्या सीटवर गेली. मी खिडकी उघडली. तिला काय झालं होतं, कोण जाणे.

२१ मार्च

सुट्टी. सकाळी ताई बाळाला घेऊन काकूंकडे बसली होती. तिथे छान झोपलं. मी जाऊन उचललं, गालाला गाल लावला. खोकला सुरू! ताईनं घेतलं. थांबला. ती सहज म्हणाली, "तुझ्याच हातात कसं गं खोकतं?"

केस धुतले. पुन्हा धुतले. ओढणी उकळत्या पाण्यात टाकली. आई मोरीच्या दाराशी उभी होती. नाकाला पदर होता.

२३ मार्च

कामावरून आले. अजून खालच्याच जिन्यात होते, तोच वरून आईचा आवाज आला — "आली वाटतं पोरगी." मग बाळाचा खोकला.

वर गेले नाही. पायरीवर बसून लिहिते आहे. वरती कुणीतरी खिडक्या उघडतंय — एकामागून एक.