विहारच्या पाण्यात अप्पांना मज्जाव

भांडुप,
१४ डिसेंबर १९५५

तीर्थस्वरूप दादास धाकट्या विद्याधरचा, गुडघे वाकत नसल्यामुळे उभ्यानेच केलेला साष्टांग नमस्कार.

तुझी आणि प्रेमावहिनींची प्रकृती ठीक असेल, जबलपूरची थंडी मानवत असेल, असे धरून चालतो. (तू कळवत नाहीस, तेव्हा धरूनच चालावे लागते.) आमच्याकडे क्षमा बरी आहे. माझे दोन्ही गुडघे, डावा कोपर आणि नव्या कॅनव्हासच्या बुटांनी सोललेल्या टाचा सोडल्यास मीही बरा आहे. हे पत्र केवळ माहितीसाठी आहे. तू येण्याची वगैरे काही गरज नाही.

अप्पा श्रावणात गेले तेव्हा तुझी तार आली, रजा नाही म्हणून. मी काही बोललो नाही, आताही बोलत नाही. अस्थी मी नाशिकला नेल्या, पण थोड्या मागे ठेवल्या. शेवटच्या आठवड्यात अप्पा म्हणाले होते, ‘मला विहारच्या पाण्यात सोड.’ तेवढ्या एका गाडग्यात घालून, फडक्याने तोंड बांधून, परसातल्या शेवग्याला टांगल्या. अस्थी घरात आणत नाहीत हे तुला ठाऊक आहेच. तेव्हापासून शेजारच्या जयंतीबाई आमच्या शेवग्याच्या शेंगा घेत नाहीत, आणि खरे सांगायचे तर क्षमाही आमटीत घालत नाही. चार महिने झाड लगडले आहे आणि आम्ही शेंगा बाजारातून आणतो. अखेर क्षमा म्हणाली की आता त्यांना मोकळे करा, म्हणजे आपणही मोकळे होऊ.

म्हणून गेल्या रविवारी निघालो. अप्पांचा फेरा तुला आठवत असेल. इकडून डोंगर चढायचा, धारेवरून चालत पलीकडे विहार तलावावर उतरायचे, चौकीत रखवालदारांची हजेरी बघायची आणि धरणाच्या भिंतीवरून वळून दुसऱ्या खिंडीने घरी यायचे. पाच मैलांची तर गोष्ट. पेन्शनीत गेल्यावरही त्यांनी एक रविवार चुकवला नाही, आणि मी एवढ्या वर्षांत एकदाही बरोबर गेलो नाही. (ते बोलवायचे. मला रविवारी दाढी असायची.) वाट माहीत नव्हती म्हणून हपिसातल्या काशीरामला घेतले. हा गृहस्थ सगळे डोंगर आपल्याला पाठ असल्याचे सांगतो. तासाभराने त्याने खुणेसाठी एका करवंदीच्या जाळीला रुमाल बांधला. पुढे तासभर काटे खाऊन, दगडांवरून घसरून आम्ही पुन्हा एका जाळीपाशी आलो. तिला रुमाल होता. काशीराम म्हणाला, हा कोणा दुसऱ्याचा असेल. त्यावर त्याच्या बायकोने भरलेला ‘का’ होता.

शेवटचा चढ म्हणजे उभा कातळ. चढायला दोन्ही हात लागतात, म्हणून गाडगे पंचात बांधून गळ्यात अडकवले. तोपर्यंत काशीरामला पंचात लोणचे आहे असे वाटत होते. खरे सांगितल्यावर तो माझ्यापासून दहा हात लांबून चालू लागला, आणि दशम्या त्याच्याकडे असल्यामुळे दशम्याही लांबून चालू लागल्या. अखेर वर पोहोचलो. एका अंगाला ठाण्याची खाडी आणि पांढरी मिठागरे, दुसऱ्या अंगाला खाली सगळा विहार. मी पंचाची गाठ सैल केली. का केली ते विचारू नकोस. अप्पांना दिसावे असे वाटले, झाले. एका जरी रविवारी आलो असतो तरी हे त्यांच्या शेजारी बसून पाहिले असते. त्याचे फार वाईट वाटते, दादा.

खाली चौकीत अप्पांच्या हाताखालचा तोच रखवालदार लवू आहे, आता पांढऱ्या मिशांचा. मी कोण ते कळताच त्याने खाट झटकून दिली, चहा टाकला. मग पंचात काय आहे ते विचारले. मी सांगितले. म्हातारा ढसाढसा रडला. मला वाटले, काम झाले. त्याने डोळे पुसले, काठी उचलली आणि माझ्या आणि पाण्याच्या मध्ये येऊन उभा राहिला.

“तुमच्या वडलांनीच शिकवल्यानी. लोकांचा पिवचा पाणी. ह्यात देवाचो गणपतीसुद्धा सोडूचो नाय. मगे साहेबांक कसो सोडू?”

तीस वर्षे ज्या माणसाने त्या पाण्यात कुणाला पाय बुडवू दिला नाही, त्याच्याच मुलाने त्याच्याच सांगण्यावरून त्याला त्यात ओतायला न्यावे, ही अक्कल आपल्याच घराण्यात निघायची. अप्पा जिवंत असते तर त्यांनीच मला पकडले असते. लवूनेच मग तोड काढली. भिंतीखालच्या ओढ्यात अजून थोडे पाणी झिरपते, ते पिण्याचे नव्हे, तिथे त्याची ना नाही. मी तिथे उतरलो, फडके सोडले आणि पुन्हा बांधले. गुडघे फार दुखत होते म्हणून वाकता आले नाही. गाडगे परत शेवग्यावर आहे. बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विद्याधर

ता. क. – गुडघे दुखत होते हे खरे, पण फडके त्यामुळे बांधले नाही. लवूने मागून विचारले, “थोरले कधी येतले?” मी म्हटले, येणार आहेत. ओढा शिमग्याआधी आटतो. वर ‘येण्याची गरज नाही’ असे लिहिले आहे ते खोडणार होतो, पण खोडलेले पत्र तुला आवडत नाही.

ता. क. २ – सतराव्या वर्षी तू विहारात पोहलास आणि अप्पांनी चार रखवालदारांसमोर तुझे नाव चौकीच्या चोपडीत लिहिले. बापाने मुलाला मारावे, चोपडीत लिहू नये, असे म्हणून तू घर सोडलेस. जुन्या चोपड्या दरवर्षी कचेरीत जमा होतात. ती एक अप्पांनी जमा होऊ दिली नाही. लवूच्या ट्रंकेत आहे. त्याने ती तुझ्यासाठी ठेवली आहे, मला फक्त दाखवली. तुझे नाव, वय, ‘मज्जाव असता पाण्यात उतरला, समज दिली’ हे सगळे आहे. त्यापुढचा शेऱ्याचा रकाना तू कधी पाहिला नसशील. अप्पांच्या अक्षरात जसाच्या तसा उतरवून घेतला आहे:

‘भिंतीपासून पलीकडच्या खडकापर्यंत न थांबता गेला. हात लांब टाकतो. बाहेर बोलावण्यास माझ्याकडून उशीर झाला. पाहत राहिलो.’