मधोमध अडकलेली सुई

३ मार्च, सोमवार

सुई हलायची थांबली त्या क्षणी माझं सगळं बदललं — आणि मला वाटत होतं, काय भारी उडवतोय मी!

आज यंत्रांवर बघून उतरायची तालीम. डोळ्यांवर घोड्याला लावतात तसली झापड. बाहेरचं काही दिसत नाही. समोरच्या डायलमधली उभी सुई मधोमध राहिली की विमान रनवेच्या रेषेत. एरवी माझी सुई झोके घेते. आज मधोमध, जणू कुणी खिळा ठोकलाय! जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनच्या ओळखीची टीट-टीट कानात येत होती. सिग्नल गेला की डायलमध्ये लाल पट्टी पडते, तीही पडली नव्हती. मग काय, मनातल्या मनात तिला, म्हणजे दूर शिकायला असलेल्या माझ्या मैत्रिणीला, सांगायची वाक्यं जुळवत बसलो. मास्तर शेजारी गप्प. मास्तर गप्प म्हणजे खूश, असा माझा समज.

मग म्हणाले, "झापड काढ."

रनवे कुठाय? पार उजवीकडे! समोर कसलंतरी गोदाम, आणि त्याच्या छपरावर वाळत घातलेली ताडपत्री.

"वर."

इंजिनाला पूर्ण जोर दिला, वर गेलो. शंका आली की आधी वर जायचं, विचार नंतर — हे त्यांचं नेहमीचं. वर गेल्यावर त्यांनी विचारलं, वारा उजवीकडून ढकलतोय आणि तुझी सुई एकदाही हलत नाही, असं आजवर कधी झालंय का? मी भडकलो. यंत्र बिघडलं त्यात माझी काय चूक!

"बिघडलं ती यंत्राची चूक. भुललास ती तुझी. त्याच्याखाली तसलाच दुसरा डायल काय शोभेला दिलाय?"

उतरल्यावर विमानाचं दार असं आपटलं की हँडलच हातात आलं. ते बसवायलाही मलाच लावलं.

४ मार्च

रेडिओवाल्या काकांनी डायलच्या काचेवर टिचकी मारली. सुई टुणकन बाजूला! सिग्नल येत होता, सुईच आत अडकली होती. काका म्हणाले, कोपऱ्यात अडकली तर कुणीही ओळखतं. मधोमध अडकली की पोरं स्वतःवरच खूश होतात.

डायल बदलला.

तिला सगळं सविस्तर लिहून पाठवलं. गोदाम, ताडपत्री, हँडल, सगळं. उत्तर आलं — "छान. काळजी घे." अभ्यासातून वेळ काढते बिचारी!

६ मार्च

आज मास्तर कागद चिकटवून एकेक यंत्र झाकत होते. किती खाली उतरायचं ते दाखवणारी सुई झाकली. मग रनवे किती लांब आहे ते बघायचं, त्या अंतराला ठरलेली उंची बघायची, आणि त्याखाली जायचं नाही. जमलं! शिवाय नवी युक्ती शिकवली: सुई फारच शहाण्यासारखी वागायला लागली तर मुद्दाम पाच अंश वळून बघायचं. हलली तर जिवंत.

परीक्षा चौदाला. परीक्षक बाहेरून येणार. हुकली तर पुढची सहा महिन्यांनी.

आणि चौदालाच तिचा वाढदिवस.

९ मार्च, रविवार

रेल्वेचं तिकीट काढलं. परीक्षा काय, पुन्हा येईल!

ताई म्हणाली, कॉलेज सोडलंस तेव्हाही हेच म्हणाला होतास. कॉलेजचं वेगळं होतं — तिथे सरांशी वाजलं होतं. भावजींनी वर्तमानपत्राआडून विचारलं, तिने बोलावलंय का? मी म्हटलं, बोलवायला कशाला लागतं! येतोय म्हणून कळवलंय. 'छान, काळजी घे' म्हणाली ना!

ताई कपडे घडी करता करता म्हणाली, "आधी भांडायची रे ती तुझ्याशी."

खरंय. मी कॉलेज सोडलं तेव्हा तीन पानं भरून शिव्या घातल्या होत्या. काय सुरेख शिव्या!

११ मार्च

लक्ष लागत नाही. सुई नुसती झोके घेते. वाटलं, मास्तर आता फाडून खाणार. तर म्हणाले, झुलू दे. तुझ्याकडे लक्ष आहे तिचं.

१३ मार्च

लिहायचं नव्हतं. पण.

दुपारी हँगरच्या पायरीवर बसून तिला लिहिलं — आज उतरताना विमान रनवेवरून घसरलं, पंख मोडला. साफ खोटं. मुद्दाम पाच अंश वळलो.

उत्तर लगेच आलं. "छान. काळजी घे."

फोन फेकायला हात उचलला होता. पण हसूच आलं. मग हसू थांबेना. मग ते हसू राहिलं नाही. काकांनी खिशातला रुमाल पुढे केला. ग्रीसचा वास.

१४ मार्च, सकाळ

तिला शुभेच्छा पाठवल्या, एकच ओळ. उत्तराची वाट बघितली नाही. फोन टेबलावर पालथा, तिकीट त्याच्याखाली. ताई, भावजी झोपलेत. परीक्षकांना उशीर खपत नाही म्हणे. बूट घातलेत, उभ्यानेच लिहितोय. निघालो. दार ओढून घेतो — हळूच.