बैठक मारून बसलेल्या नातवंडाविषयी विहीणबाईंना

आदरणीय विहीणबाई,

तुमच्या गुडघ्याला आणि तुम्हाला, याच क्रमाने, नमस्कार. (क्रम तुमच्या लेकीने लावलाय. तिच्या मते सध्या तुमच्या घरात गुडघ्याचाच मान मोठा आहे.) ऑपरेशनचे टाके सुकले असतील आणि व्यायाम न चुकता चालू असेल असं धरून चालते. नसेल चालू तर तसं मला कळवू नका. जन्मभर शाळेत मुलींना कवायत शिकवली, त्यामुळे कुणाचा गुडघा वाकत नाही असं ऐकलं की मला तो माझाच पराभव वाटतो.

इकडे सर्व क्षेम. तुम्ही फोन करता तेव्हा लेक "सगळं छान" म्हणते, ते खोटं नाही. पण त्या 'छान'च्या पोटात काय काय घडलं ते तिने तुम्हाला सांगितलेलं नाही, म्हणून हे पत्र. बसून वाचा.

झालं असं की, सोनोग्राफीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ छान वाढलंय, पण डोकं वर करून बैठक मारून बसलंय. मी म्हटलं, बापावर गेलंय. (आमचे चिरंजीवही पायाळू, आणि अजूनही बूड हलवायला त्यांना दोनदा सांगावं लागतं.) डॉक्टरीणबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. दिवस भरत आलेत, आता ते आपणहून फिरेल याचा भरवसा नाही. पोटावर बाहेरून हात ठेवून बाळ वळवून बघता येतं, ते जमलं नाही किंवा करायचंच नसलं तर सिझेरियन, आणि आहे तसं पायाकडून बाळंतपण हीसुद्धा एक वाट आहे. लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि "विचार करून सांगते" म्हणाली. ती विचार करेपर्यंत मी गप्प बसणार होते थोडीच! रिक्षा दारात थांबेपर्यंत मी अख्खी मोहीम आखली होती.

आधी इस्त्रीचं टेबल. त्याचं एक टोक सोफ्यावर, दुसरं जमिनीवर, आणि उतारावर डोकं खाली करून निजायचं, म्हणजे बाळ सैल होऊन फिरतं असं वाचनालयातल्या बाईंनी सांगितलं होतं. कोणताही व्यायाम आधी शिक्षकाने करून दाखवावा हा माझा नियम. मी निजले आणि टेबल निघालं. थांबले ते थेट जेवणाच्या टेबलाखाली, आणि माझे दोन्ही पाय चिरंजीवांच्या हातात. लेक हसून हसून इतकी हलली की मला वाटलं, बाळ आता फिरलंच. नाही फिरलं. मग थंडीला कंटाळून ते खाली सरकावं म्हणून पोटाच्या वरच्या बाजूला गोठवलेल्या मटारची पिशवी धरली. बाळ जागचं हललं नाही, माझी बोटं तेवढी बधिर झाली. चिरंजीवांचं म्हणणं, आवाज येईल तिकडे बाळ वळतं. त्यांनी ओटीपोटाशी फोन ठेवून गाणं लावलं. गाणं रंगात आलं आणि मध्येच त्यांच्या साहेबांचा फोन आला. उचलायला गेले, तर नको ते बटण दाबलं गेलं आणि साहेब थेट आमच्या नातवंडावरच ओरडले, "अहो, ती फाइल कुठे घालून बसलात?" दिवसभरातली सर्वांत जोरदार लाथ तेव्हा बसली. (अन्याय सहन न करणं हे मात्र माझ्यावर गेलंय.) शेवटी मी स्वतः पोटासमोर उभी राहिले आणि मैदानावरचा आवाज काढून हुकूम सोडला, "मागे फिर!" खालच्या मजल्यावरचे बँकवाले जिना चढत होते, ते निमूट मागे फिरून खाली गेले. बाळ बसलेलंच.

त्यावर तुमची लेक म्हणाली, "आई, आता पुरे. उद्या माझे प्रश्न मीच विचारून येते."

विहीणबाई, तुमची लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते हे मला लग्न ठरल्यापासून माहीत आहे, पण ती काम करते कशी ते मी दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले तेव्हा पाहिलं. समोरच्याला दोन-दोन भिंगं दाखवून "हे बरं की ते?" असं विचारत जायचं, घाई नाही, आवाज चढवणं नाही. डॉक्टरीणबाईंना तिने तसंच विचारलं.

"पायाकडून बाळंतपण तुम्ही अलीकडे केलंय?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खरं सांगू? बऱ्याच वर्षांत नाही. इथे तो सराव कुणाचाच राहिलेला नाही."

"मग ते भिंग बाजूला ठेवू," लेक म्हणाली.

(मी स्वतः एक पायाळू बाळंतपण निभावलंय, त्यावर माझं छोटंसं भाषण तयार होतं. ते गिळलं.)

"वळवताना बाळाला त्रास झाला तर?"

"ठोके आम्ही सारखे बघत असतो. जरा शंका आली की थांबायचं. ऑपरेशनची खोली शेजारीच तयार असते."

"तर मग वळवून बघू. नाहीच वळलं तर सिझेरियन," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, "आणि त्यावर घरात कुणी हळहळायचं नाही." असं मला आजवर मुख्याध्यापिकांनीही बजावलेलं नाही. मी सावधानमध्ये उभी राहून मान डोलावली.

वळवायच्या पहिल्या खेपेला मी तिच्या उशाशी होते. पोट सैल पडावं म्हणून इंजेक्शन दिलं आणि डॉक्टरीणबाईंनी बाळाचं बूड एका हाताने उचलून दुसऱ्याने डोकं पुढे ढकलायला सुरुवात केली. कणीक तिंबताना लागतो तेवढा जोर! बाळ आडवं झालं, अर्ध्यात आलं, आणि मशीनमधले ठोके मंदावले. डॉक्टरीणबाईंनी तत्काळ हात काढले. लेकीने डोळे मिटून माझा हात धरला होता, आणि ती मशीनचं नव्हे, माझं ऐकत असल्यासारखी मला म्हणाली, "आई, श्वास घ्या." ठोके परत पहिल्यासारखे पळू लागले. बाळ मात्र गेलं पुन्हा आपल्या बैठकीवर.

घरी मी म्हटलं, राहू दे गं आता. ती म्हणाली, ठोके लगेच सावरले, डॉक्टरांची हरकत नाही, मला अजून एकदा बघायचंय. आणि दुसऱ्या खेपेला काय सांगू तुम्हाला! ती पडल्या पडल्या छताकडे बघत संथ श्वास घेत होती, डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर घाम, चिरंजीव भिंतीला टेकलेले, आणि एकाएकी पोटावरून लाट गेल्यासारखी झाली. कोलांटी! डोकं खाली, पाय वर, अगदी नमुनेदार. इतक्या वर्षांत इतकी सुबक कोलांटी माझ्या एकाही विद्यार्थिनीने मारलेली नाही. लेक काय म्हणाली असेल? "हे बरं दिसतंय."

असं धीराचं माणूस तुम्ही वाढवलंत आणि आमच्या हाती दिलंत. मी बाजारात भाजीवालीलासुद्धा थांबवून सांगते, ही आमची सून. थोडं श्रेय तुमचंही, म्हणून तुम्हाला कळवलं.

तुमच्याइतकीच अभिमानी,
तुमची विहीण

ता. क. काल पुन्हा तपासलं. बाळ वळल्या जागी आहे. आता फक्त कळांची वाट.

ता. क. दुसरा. "आईला कळवू नका, काठी टाकून धावत येईल," असं लेकीने मला निक्षून सांगितलंय. तेव्हा हे पत्र तुम्हाला मिळालेलं नाही.

ता. क. तिसरा. दुसऱ्या खेपेचं वर्णन चिरंजीवांच्या तोंडून ऐकलेलं आहे. मी आत नव्हते. ते ठोके मंदावलेले ऐकल्यावर पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकायची माझी छाती झाली नाही. बाहेर बाकावर बसून होते, एकटी, आणि पाय थरथरतात ते कुणाला दिसू नये म्हणून मांडीवर पर्स दाबून धरली होती. बाळंतपणाच्या दिवशीही त्याच बाकावर बसायचंय. लेकीला तुमची गरज नाही, ती निभावेल. मला आहे. काठी घेऊन या, पण या.