मोठ्या तोफेची जागा

३ मार्च

ती. ताईस, सा. न.

मी धडधाकट आहे. माझ्या रणगाड्याचा ड्रायव्हर गेला. शत्रूच्या रणगाड्यावर आमचा गोळा बरोबर बसला, पण चिलखतावरून चेंडूसारखा उडाला. त्यांचा आमच्यावरून उडाला नाही. आमच्या रणगाड्यांना मोठी तोफ बसवायला समितीत विरोध करणारी डिझायनर एकटी तूच होतीस, असं साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. मान खाली घालून ऐकलं. ड्रायव्हरच्या आईला काय सांगायचं ते आता तूच सांग.

लोभ तुझा तुझ्याकडेच ठेव.

धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद. राग आला तरी आशीर्वाद देणं भाग आहे.

त्या माउलीला मी लिहिते. पण तुझ्या साहेबांनी अर्धंच सांगितलं. तोफ मोठी म्हणजे गोळाही मोठा. आज चाळीस नेता, मग जेमतेम पंचवीस मावतील. भरायला दुप्पट वेळ. वजन वाढलं की निम्मे पूल तुम्हाला पेलणार नाहीत. आणि गोळा सुटला की तोफ धाडकन मागे येते; तुमच्या टरेटमध्ये, त्या फिरत्या घुमटात, गोळा भरणाऱ्याला बाजूला व्हायला जागा कुठे आहे? आधी टरेट मोठं करा, एवढंच माझं म्हणणं. तुला लहानपणीही बाबांचेच बूट हवे असायचे. पडलास की रडायला मी!

जिवाला जप, माझ्यावर उपकार म्हणून नव्हे.

ताई

२० एप्रिल

ती. ताईस, सा. न.

नवी तोफ आली. चाचणीत पहिल्याच गोळ्याने तसल्याच चिलखताला आरपार भोक पाडलं. आम्ही नाचलो. दुसऱ्या गोळ्याला मागे आलेल्या तोफेने भरणाऱ्याचा हात चिरडला. ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं लिहिलंस तर पत्र जाळीन. जुनी तोफ मला नकोच. ही नको म्हणायलाही जीभ उचलत नाही. अक्कल तुला जास्त, तूच काय ते कर.

धाकटा

२६ एप्रिल

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

म्हटलं होतं. जाळ खुशाल.

नवं टरेट व्हायला दोन वर्षं लागतील, तोवर तोफ आहे तशीच राहील, असं समितीने ठरवलं. मी राजीनामा लिहिला आणि फाडला. मी गेले तर टरेट आखणार कोण? सोमवारी तुमच्या मैदानावर येतेय. तोफ सुटताना भरणाऱ्याच्या जागी मी बसणार. किती जागा कमी पडते ते माझ्या अंगाला कळू दे. कमांडर तू आहेस, हुकूम तूच द्यायचा. आवाज मात्र खणखणीत हवा.

स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस.

ताई