बाळाशेजारची गाठ

माय, मला पाचवा महिना लागलाय आणि बाळाच्या शेजारी, अंडाशयावर, मोसंबीएवढी गाठ निघाली आहे. यवतमाळच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "तिसऱ्या महिन्यापासून वाढतच आहे. गाठीला पीळ पडला तर ऐनवेळी धावपळ होईल. आताच काढू." मग विचारलं, "घरात कोणाला असं काही होतं?" मी तुझं सांगितलं. सांगताना लक्षात आलं, तुझ्या आजाराला आपल्या घरात कोणी कधी नावच दिलं नव्हतं.

मला अजून दिसतं, घाटंजीजवळच्या शेतात तू कापूस वेचते आहेस, कमरेला फडकं बांधलेलं, आणि फडक्याखाली पोट वाढतंय. बाया चिडवतात, "काहून वो, या वयात अजून एक?" तू हसतेस. तुलाही तसंच वाटत होतं, घरात दिवस मोजणं सुरू होतं. मी दहा वर्षांची. शाळेत आलेल्या नर्सबाईंना सांगून बसले की माय पोट धरून कण्हते. घरी तू माझा कान धरलास. "घरचं बाहेर कायले सांगतं? लोक काय म्हणतीन?" मग मी गप्प बसले. नऊ महिने सरले, कळा काही आल्या नाहीत, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, बाळ नव्हतंच, गाठ होती, आणि उशीर झाला होता. गप्प बसल्याचा राग मला स्वतःचा येतोच, पण तुझा जास्त येतो.

म्हणून या खेपेला मी अख्ख्या घराला बसवून सांगितलं. सासूबाई उसळल्या, "पोटात लेकरू असतानी कोणी चाकू लावते का? बाळंत होऊ दे, मंग पाहू." ऑपरेशनमध्ये बाळाला धोका आहे हे डॉक्टरबाईंनी लपवलं नव्हतं, आणि थांबण्यातही आहे हेसुद्धा. मी म्हटलं, "मंग पाहाले मीच नसली तं? मी उद्या भरती होऊन राह्यली. तुमी सोबत या, नाहीतर घरी राहा." दोन तास त्यांनी तोंड फुगवलं. मग स्वतःची पिशवी भरून दारात येऊन बसल्या.

सही मीच केली. उद्या सकाळी ऑपरेशन. आता इथे खाटेशेजारी बसून सासूबाई म्हणतात, पोरगी झाली तर तुझ्या मायचं नाव ठेवू. मी साफ नाही म्हटलं. त्या नावासोबत निमूट सोसत राहणंही तिच्याकडे यायला नको. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून घडी करून उशीखाली ठेवते आहे. पण माय, महिनाभरापासून जवळ कोणी नसलं की पोटावर हात ठेवून मी त्याच नावाने हाक मारते.