सांध्यावरचं पीठ

८ जानेवारी १९८४
अड्याळला पोचले. गावाबाहेर तलावाकाठी मत्स्यबीज केंद्र, आणि मला स्वतंत्र खोली! काचेचं नवं मत्स्यालय माझ्या ताब्यात दिलंय. रोहू-कटल्याची पिल्लं नुकतीच सोडलीत. झाडलोट करणारी धुरपताबाई मासेमार ढिवरांची, बोलकी. मी शाळेत कधी गेलेच नाही, बाबांनी घरीच ओसरीवर शिकवलं. तिने ‘मॅडम’ म्हटलं की मीच मागे वळून पाहते.

१० जानेवारी
पाण्यात खसखशीएवढे बुडबुडे. काच दुधाळ दिसते. केंद्राचे प्रमुख कृष्णराव साहेब म्हणाले, तलावातून पाणी ओढणारा पाइप कुठेतरी हवाही ओढतोय. असले बुडबुडे माशांच्या अंगात शिरून त्यांना मारतात. सोमवारी उद्घाटन आहे, मासे मेले तर तू घरी. दिवसभर पंपाच्या खड्ड्यात बसून एकेक सांधा सुतळी आणि सफेद्याच्या लेपाने बांधला.

१२ जानेवारी
तळाचा एकच सांधा उरला आणि सफेदा संपला. भाकरीसाठी मळलेलं तांदळाचं पीठ थापलं. बुडबुडे बंद! साहेब म्हणाले, उद्या पंपाला भाजीही वाढ.

१३ जानेवारी
पीठ नाही. सांधा चाटून पुसल्यासारखा. पुन्हा लावलं, तेव्हा त्याने बोट ओढलं. हवेची ओढ असते, ठाऊक आहे मला. पण ती ओलसर होती, ओठांसारखी.

१४ जानेवारी
सकाळी पुन्हा बुडबुडे. तीन पिल्लं मेली, डोळे फुगून. धुरपताबाईने खड्ड्यात डोकावून विचारलं, पीठ कायले लावलं व मॅडम? त्यांच्यात नव्या पाण्याला पिठाचा एकच गोळा देतात आणि लगेच दोन्ही तळवे दाखवून ‘सरलं’ म्हणतात. ‘सरलं’ म्हणायचं राहिलं, तर पाण्यातला मागतच राहतो. तुम्ही म्हनलं ना? मी म्हटलं नव्हतं. ती हसली नाही.

१५ जानेवारी
तळवे दाखवायला उतरले. पण खोलीत डबाभर पीठ होतं. सरलं कसं म्हणू? खोटं बोलवेना. सगळं आणून दिलं. पाइपात गिळल्याचा आवाज — घोट घोट. मग तळवे दाखवले. सरलं म्हटलं. खरंच सरलं होतं.

१६ जानेवारी
पाहुणे आले. आणि पाणी पुन्हा दुधाळ. हातातल्या वहीसकट खड्ड्यात उतरले. पीठ नाही, काही नाही — डावा तळवा सांध्यावर दाबला. थांबले.

वर टाळ्या. साहेब सांगतायत, पाणी बघा, कसं आरशासारखं.

हात निघत नाही.

ओरडले. पंपाच्या आवाजात कुणाला — वही मांडीवर आहे, उजव्या हाताने लिहितेय. पंप बंद केला तर सुटेन. बटण हाताशी आहे. पण मासे —

मनगटाच्या कातडीखाली खसखस. वर सरकतेय. दुखत नाही.

काल मी त्याला पीठ सरलं असं सांगितलं. तळवे दाखवून. त्याने तळवेच पुढचा घास समजून —

कोपर. आता बटण दाबते. उजवा हात उचलते, फक्त हे वाक्य पुरं कर