झबल्याचे पाच तुकडे

६ मार्च २०२४, बुधवार

कात्रीनं कापलेलं आहे! नोलीनबाईंनी डबा उघडला आणि मला खुर्ची शोधावी लागली.

इथं ऑकलंडच्या हिल्सबरो भागातल्या हॉलमध्ये दर बुधवारी विणकाम करणाऱ्या बायकांचा गट बसतो. इरावतीच मला तिथं सोडून आली. — बाबा, काहीतरी करा, घरात बसून आईला छळू नका. (लेकीचा विनोद!) तिथं या नोलीनबाई. सत्तरीच्या. बिस्किटांचा जुना डबा घेऊन आल्या होत्या. आत पुठ्ठ्यावर टाचलेले पाच तुकडे — दोन लांब पट्ट्या, दोन गोल, एक गळ्याचा. त्यांचे वडील युद्धात कैरोजवळच्या छावणीत होते, तिथल्या बाजारात घेतलेले. बाईंना वाटत होतं, टेबलावर घालायचं काही असेल.

टेबलावर! कॉप्टिक आहे ते. इजिप्तच्या जुन्या ख्रिस्ती लोकांचं विणकाम, चौदा-पंधराशे वर्षांपूर्वीचं. लिननचा ताणा, त्यावर जांभळ्या लोकरीची नक्षी. आमच्या संग्रहालयात असे अकरा तुकडे होते. एकोणतीस वर्षं राखण केली मी त्यांची. इतक्या लांब, या बेटावर, पुन्हा भेटतील असं स्वप्नातही नव्हतं.

घरी येऊन वासंतीला सांगितलं. म्हणाली, "मेलेल्याच्या अंगावरचं ना ते? आधी हात धुवा."

पन्नास वर्षांच्या संसारात हीच प्रगती!

९ मार्च

डबा नोलीनबाईंनी घरी आणू दिला. दिवसभर भिंग घेऊन बसलो.

हे लोक कपडा शिवत नसत, अख्खा विणत — एका बाहीपासून दुसऱ्या बाहीपर्यंत एकच कापड, मधे गळ्याची फट. कात्रीचं कामच नाही. माणूस गेला की कपड्यांसकट वाळूत. मग गेल्या-मागल्या शतकात दलाल आले. थडगी उकरली, नक्षी तेवढी कापून घेतली, साधं कापड दिलं फेकून. आत जो कोणी होता त्यालाही. साधं कोणाला हवं!

गळ्याचा तुकडा जेमतेम माझ्या वितीएवढा. म्हणजे तीन-चार वर्षांच्या मुलाचं झबलं. आणि गोलात काय? ससा! कान मागे टाकून पळणारा. मला चौथीतली सशाची कविता पहिल्या ओळीपासून आठवली. गुरुजींची चाल, भिंतीवरचा नकाशा, ओल्या पाटीचा वास — सगळं. मोठ्यानं म्हटली. वासंती भाजी निवडत होती. मान वर केली नाही.

१० मार्च

इरावतीच्या ऑफिसातली दोन पुणेरी जोडपी जेवायला होती. जेवताना मी जुना खेळ काढला — "वासंती, दुसरं कडवं म्हण!" लग्न झाल्यापासूनचा खेळ आहे. पहिलं कडवं मी म्हणायचं, दुसऱ्याला ती अडखळायची, पाहुणे हसायचे. सातवीपर्यंत शिकलेली ती, काय येणार! किती मजेच्या संध्याकाळी होत्या त्या.

आज उठून स्वयंपाकघरात गेली. म्हणे पोळ्या बघते. पोळ्या टेबलावर होत्या! मी ते सांगितल्यावर सगळे हसले. नात मात्र हसली नाही. "आजोबा, दॅट वॉज मीन." स्वानंदीला मराठी कवितेची गंमत कळावी कशी? जन्मच ऑकलंडचा.

१३ मार्च

नोलीनबाईंना माझी कल्पना आवडली. नव्या पांढऱ्या लिननवर झबल्याचा पूर्ण आकार काढायचा, पाचही तुकडे आपापल्या जागी मांडायचे. पंधरा शतकांनी ते लेकरू पुन्हा कपडे घालणार! १४ एप्रिलला हॉलमध्ये प्रदर्शन आहे, त्यात मधोमध ठेवायचं. "स्वीट ॲज," म्हणाल्या. म्हणजे इकडच्या बोलीत झकास.

संध्याकाळी इरावती म्हणाली, "बाबा, आई शनिवारी दादाकडे जातेय. क्राइस्टचर्चला, रिकार्टनमध्ये."

किती दिवस? — बघू. मी? — तुम्ही इथंच.

म्हणजे वाटणी! बाप ऑकलंडला, आई क्राइस्टचर्चला. चिडलो. खरं सांगायचं तर चिडायला हवं म्हणून चिडलो. महिनाभर टेबल रिकामं मिळेल, "हात धुवा" म्हणायला कोणी नाही, हे मनात आलंच. रोजनिशीत खोटं कशाला लिहू.

१६ मार्च

वासंती गेली. एकच बॅग. न्यायला मुलगा, देवव्रत, आला होता. माझ्याशी हवापाण्याचं बोलला. चार वाक्यं.

निघताना मी म्हटलं, "विमानात तोंड उघडं टाकून झोपू नकोस हो, लोक बघतात." माझी कुठली गोळी कधी, ते तिनं इरावतीला सांगितलं. मला नाही.

परत येताना गाडीत ओळी सुचल्या —

निळ्या सागराच्या किनारी अभागी
कुणी कापले जोडपे हे दुभागी!

भुजंगप्रयात! बोटांवर मोजून पाहिलं. एक लघु-गुरू इकडचा तिकडे नाही. डोळे भरून आले. ऐकवायला फोन लावला तर देवव्रतनं उचलला. आई बागेत आहे म्हणाला.

१९ मार्च

आई बागेत आहे.

२२ मार्च

आई झोपलीय. दुपारी चार वाजता?

२४ मार्च

घात झाला. दुसरा गोल या झबल्याचा नाही!

पुठ्ठ्यावरून सोडवून उलटा केला, तेव्हा दिसलं. बाकी चारांच्या कडा कात्रीच्या. याची कड आत दुमडून शिवलेली. टाके बरेचसे झडलेत, सात उरलेत. शिलाई जुनी, त्याच काळातली. दलालाच्या आधी, कितीतरी आधी, कोणा बाईनं तो एका कपड्यावरून काढून दुसऱ्याला लावला होता. तशी रीत होती त्यांच्यात — कपडा विरला तरी चांगली नक्षी वाया घालवत नसत.

नोलीनबाईंना फोनवर सांगितलं. म्हणाल्या, मग तो बाजूला ठेवू, चारच मांडू.

चारच! एका खांद्यावर ससा आणि दुसरा खांदा उघडा? कवितेचा चौथा चरण खाऊन टाकायचा?

२७ मार्च

केलं.

इरावतीच्या नखं कापायच्या कात्रीनं. सात टाके, आणि दुमडलेली कड साफ. दोरा बोटात धरला तर त्याचं पीठ झालं. फुंकर मारली, गेलं.

संग्रहालयात कोणी असं केलं असतं तर मी त्याला चौकीवर नेलं असतं. पण आता पाचही कडा सारख्या दिसतात. कोणाला कळणार आहे?

१४ एप्रिल

प्रदर्शन. लोक झबल्याभोवती गोळा झाले. एक बाई रडली. मी मराठीतून कविता म्हटली, इंग्रजीतून अर्थ सांगितला. टाळ्या!

मग नोलीनबाई आल्या. वाकल्या. दुसऱ्या गोलाच्या कडेवरून बोट फिरवलं. एकदा. परत एकदा.

"टाके कुठं गेले?"

मी म्हटलं, आकार पूर्ण व्हावा म्हणून —

"सात होते. मी लहानपणी मोजायला त्यांच्यावर शिकले." आवाज चढवला नाही. "डॅडकडे आणि माझ्याकडे मिळून ऐंशी वर्षं होते. तुमच्याकडे पाच आठवडे."

सगळ्यांसमोर एकेक तुकडा उचलून डब्यात ठेवला. लिनन तिथंच राहिलं, त्यावर माझी पेन्सिलची रेघ. बुधवारी येऊ नका, म्हणाल्या. प्लीजसुद्धा म्हणाल्या.

१५ एप्रिल

घर खायला उठतंय. इरावतीला म्हटलं, पुरे झालं, आईला बोलाव.

"नाही, बाबा."

मग मीही बोललो. तुम्ही दोघं त्या दलालांसारखे! अख्खं कापड होतं, पन्नास वर्षांचं, कात्री चालवलीत! वाक्य चांगलं जमलं होतं, दोन दिवस घोळवत होतो.

ती म्हणाली, "नोलीनना सॉरी लिहिलंत?"

विषय कसा बदलावा हे आईकडून शिकलीय. देवव्रतला फोन करून बजावलं — शनिवारच्या विमानानं आई इथं हवी. तो म्हणाला, "मी तिला तुमचा निरोप देतो." निरोप! माझ्या बायकोला माझा निरोप!

१७ एप्रिल

शनिवारसाठी चादर बदलून घेतली. खिडकीपाशी तिची खुर्ची ठेवली. नव्या दोन ओळी तयार आहेत, तिसरीत अडलोय.

१९ एप्रिल

वासंतीचा फोन. पहिल्यांदाच, स्वतःहून. मी ओळी म्हणायला सुरुवात केली, तिनं थांबवलं.

"मुलांना बोलू नका. मीच मागितलं त्यांच्याकडे. मला ह्यांच्यापासून वेगळं ठेवा म्हटलं."

हे खूळ कधीपासून, मी विचारलं.

"सत्याहत्तर सालापासून," म्हणाली. "तेव्हा जायला जागा नव्हती."